साखळीचा नाला मे महिन्यातच पाहा

मा. संपादक,

गोव्यातल्या साखळी शहराच्या बाजारात पाणी शिरले की दोष वाळवंटी नदीच्या माथी मारला जातो. पण नदी फुगणारच. चोर्ला घाट, विर्डी, केरी या बाजूचा पाऊस तिच्यातूनच उतरतो. त्यात अंजुणे धरणाचे दरवाजे उघडले आणि खाली मांडवी नदीला भरती असली, तर पाणी लवकर ओसरत नाही. काठावर संरक्षक भिंती झाल्यापासून बाजाराला खरी भीती आहे ती नाल्याची.

शहरातले पावसाचे पाणी नाल्याने नदीत जाते. नदीची पातळी नाल्याच्या वर गेली की हाच प्रवाह उलटा फिरतो. अशा वेळी नाल्याच्या तोंडावरचे गेट खाली पाडून, म्हणजे बंद करून, आतले पाणी पंपाने नदीत टाकावे लागते. गेट पडायला उशीर झाला तर नदी बाजारात येते. गेट पडले पण पंप बंद, तर शहराचेच पाणी दुकानांत चढते. सोमवारच्या आठवडी बाजारातल्या प्लास्टिक पिशव्या, सुतळ्या, नारळाची सोडणे रात्रीच उचलली नाहीत, तर पहिल्या मोठ्या सरीत ती नाल्यात जातात. गेटच्या खाचेत अडकली की खाली फट राहते. पंपाच्या जाळीवर बसली की मोटर फिरते, पाणी मात्र ओढले जात नाही.

म्हणून मेअखेरपर्यंत गाळ काढून तो काठावर न ठेवता लांब न्यावा, नाहीतर पहिल्याच पावसात तो परत आत येतो. गेट पूर्ण पाडून, पूर्ण उचलून पाहावे. पंप जनरेटरवर, प्रत्यक्ष पाणी उपसत चालवून बघावेत, कारण पुराच्या रात्री वीज हमखास जाते.

भिंत आणखी उंच करा, ही मागणी मला पटत नाही. त्याने आत तुंबलेले पाणी कमी होणार नाही. उलट पंपांना ते अधिक उंच चढवावे लागेल. शिवाय हे गाव नदीकडे तोंड करून वसलेले आहे. पलीकडे कारापूर-विठ्ठलापुरात काठावर विठ्ठलाचे देऊळ आहे, त्रिपुरारी पौर्णिमेला याच पात्रात सजवलेल्या नौका सोडल्या जातात. 1852 साली दिपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड पुकारले, त्या राण्यांचाही हाच मुलूख. नदी दिसेनाशी करून साखळीचे भले होणार नाही.

केरी आणि साखळी पूल येथील पाणीपातळी पावसाळ्यात दर तासाला बाजारातील फलकावर लिहावी. वर पाणी चढतेय हे वेळेत कळले, तर दुकानदारांना खालच्या फळ्यांवरचा माल तरी हलवता येईल.

— एक नागरिक, साखळी