काका, आमची आष्टी सापडली

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण ग्रंथालयाच्या मागच्या दालनात ज्यांनी कधी जुने सरकारी अहवाल मागितले असतील, त्यांना हे पत्र कुणाला आहे ते लगेच कळेल.

माझी आजी तिच्या आजेसासूकडून ऐकलेलं सांगायची : मोठ्या दुष्काळात आपली माणसं 'आष्टीच्या कामावर' गेली होती. घरात सगळे ती बीडची आष्टी धरून चालले होते. मीही दोन महिने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथांत, तीच शोधत होते. तुम्ही माझी चिठ्ठी वाचलीत आणि म्हणालात, "ताई, बीड तेव्हा निजामाच्या मुलखात. ते या पुस्तकांत कसं सापडेल?" मग शिडी लावून गॅझेटियरचा सोलापूरवरचा विसावा खंड काढलात, १८८४ सालचा. त्यात होता तेव्हाच्या माढा तालुक्यातला आष्टीचा तलाव, १८७६-७७ च्या दुष्काळात मजूर लावून सुरू केलेला.

तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. पान कोपऱ्याला धरून ओढायचं नाही, खाली तळहात सरकवून उलटायचं, हे हात धरून शिकवलंत. कसरीने जाळी केलेल्या एका पानाखाली पांढरा कागद ठेवलात, तशी अक्षरं एकदम उठून दिसली. सूचीत गाव मिळेना तेव्हा साहेबाच्या कानाने स्पेलिंग करून बघायला सांगितलंत. पेन आत न्यायची बंदी, म्हणून स्वतःच्या खिशातली पेन्सिल दिलीत. ती अजून माझ्याकडेच आहे.

खानेसुमारीचे आकडेही तुम्हीच शेजारी शेजारी ठेवलेत. सोलापूर जिल्ह्यात १८७२ ला सात लाखांवर माणसं, १८८१ ला सहा लाखांच्या आत. किती मेली, किती परागंदा झाली, ते त्या दोन रकान्यांत कळत नाही. मी बराच वेळ काही बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत, पाण्याचा तांब्या आणून ठेवलात.

१८७७ च्या सुरुवातीला सरकारने मजुरी कमी करून दिवसाला १ पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी रोकड या हिशेबावर आणली, तेव्हा हजारो मजूर दुष्काळी कामं सोडून निघून गेले आणि लोकांची गाऱ्हाणी मांडणाऱ्या पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या संस्थेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमची माणसं त्यांत होती का, कुठे लिहिलेलं नाही. पण ती कुठल्या मातीवर उभी होती, एवढं आता आम्हाला ठाऊक आहे, आणि ते तुमच्यामुळे. मनापासून आभार, काका.

उतरवलेली पानं बाबांना वाचून दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "बायांना किती मिळायचं?"

सोमवारी येते. दुष्काळ आयोगाचा १८८० चा अहवाल काढून ठेवाल?

तुमची,
माढ्याची ताई