पुण्याच्या तपकीर गल्लीत भेटलेल्या काकांना, बिलामागच्या त्या गोलाबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितोय. त्या शनिवारी मी बोर्ड परत करायला आलो होतो, तो दहाच्या नाण्याहून जरा मोठा, प्रोग्रॅम टाकून चालवायचा आरपी२०४० चिपवाला, १.२८ इंची गोल डिस्प्ले वरच बसवलेला. दोन रात्री घालवल्या होत्या, बॅकलाइट लागायची पण स्क्रीन काळी ती काळीच, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणत होता चेक करून दिलाय. तुम्ही बाजूला रेझिस्टर मोजत उभे होतात, माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवलात आणि म्हणालात, "अरे ०,० वर, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यात लिहितोयस, पण याला कोपरा आहे कुठे?"

मला टोटलच लागली नाही. मग तुम्ही बिलाच्या मागे चौकोन काढलात आणि त्याच्या आत गोल. डिस्प्लेच्या जीसी९ए०१ चिपच्या हिशोबात स्क्रीन २४० बाय २४० पिक्सेलची (ठिपक्यांची) चौकोनीच, चारही कोपरे मात्र गोलाच्या बाहेर. म्हणजे माझं 'हॅलो' दोन रात्री नीट उमटत होतं, फक्त जिथं काही दिसतच नाही तिथं! १००,११६ टाकलं आणि आलं की मधोमध. काय लाज वाटली सांगू.

वर त्याच बिलावर लिहून दिलंत, 'रंग चुकले तर बाइट उलटे कर'. घरी खरंच हिरवा बुडबुडा लाल आला, एका पिक्सेलच्या रंगाचे दोन बाइट उलट्या क्रमानं जात होते. स्क्रीन लुकलुकायची तेही सुटलं, आख्खं चित्र आधी रॅममध्ये काढून मग एकदम पाठवतो, १,१५,२०० बाइट लागतात पण बोर्डाच्या २६४ केबी रॅममध्ये बसतात.

बुडबुडा कसला ते सांगितलंच नाही. बाबा फरशी बसवतात, त्यांच्यासाठी पाणसळ केलीय, फरशी सपाट आहे की उतार आहे ते बुडबुड्यानं दाखवणारी. बोर्डावरच मोशन सेन्सर आहे, गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूला ओढतंय ते त्याला कळतं. पहिल्यांदा बुडबुडा उताराकडे पळाला, तर बाबा लगेच, "अरे बुडबुडा चढाकडे जातो." एका मायनसची चूक.

बाथरूमचा ढाळ बाबा अजून जुन्या पाणसळीनंच बघतात, ही खिशात ठेवून गिऱ्हाइकाला दाखवतात. बिल मी जपून ठेवलंय. शनिवारी परत येतोय, दिसलात तर चहा माझ्याकडून.

तुमचा,
काळ्या स्क्रीनवाला