तेरा चिन्हांत मावणारी माणसं

प्रिय पद्या,

तुझं पाकीट मिळालं. तक्ता, लाल शाईचे बाण आणि शेवटी अधोरेखित केलेलं ते नाव, सगळं पाहिलं. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात खून करून वर्तमानपत्रांना सांकेतिक पत्रं पाठवणाऱ्या त्या कधीच न सापडलेल्या झोडियाकने २० एप्रिल १९७० च्या पत्रात ‘माझं नाव आहे’ असं लिहून पुढे जी १३ चिन्हं टाकली, ती तू सोडवलीस म्हणतोस. तक्ता सुबक आहे, मेहनतही दिसते. पण हे उत्तर मी मानत नाही. का मानत नाही ते सविस्तर सांगितल्याशिवाय तू माझा पिच्छा सोडणार नाहीस, म्हणून बैठक मारून लिहितोय.

आधी त्या १३ चिन्हांकडेच बघ. त्यांत वेगळी चिन्हं ८. पहिलं चिन्ह बाराव्या जागी परत येतं, तिसरं अकराव्या, आठवं तेराव्या, आणि पाचव्या जागेवरचं सातव्या आणि नवव्या जागीही आहे. झालं, तुझ्या नावावर एवढंच बंधन. त्यातही तू दोन ठिकाणी ‘इथे त्याची चूक झाली असावी’ म्हणून सूट घेतलीस. अशी सूट घ्यायची तर मी तुझंही नाव बसवून दाखवतो. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ मध्ये याचं गणित मांडून ठेवलंय: एका अक्षराला एक चिन्ह, असा साधा अक्षरबदल असेल तर इंग्रजी मजकुराला एकच एक उत्तर निघायला साधारण २५ ते ३० अक्षरं लागतात. त्याहून आखूड मजकुरात अनेक उत्तरं सारख्याच ऐटीत बसतात, आणि त्यांतलं खरं कुठलं हे त्या मजकुरावरून ठरवताच येत नाही. तू हुशारीत कमी पडलास असं नाही रे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि एक. हे नाव तू कुठेही टाकू नकोस. त्या प्रकरणात खरी माणसं मेली आहेत आणि ज्याचं नाव तू काढलंस त्यालाही नातवंडं असतील. कोड्याच्या हौसेपायी कुणाच्या आजोबांना खुनी ठरवणं मला बघवत नाही.

आता सुटलेलं कोडं कसं दिसतं ते बघ, आणि तेही याच माणसाचं. त्याचा पहिला ४०८ चिन्हांचा संकेत १९६९ च्या ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत छापून आला आणि आठवडाभरात डोनाल्ड हार्डन नावाच्या शिक्षकाने आणि त्याच्या बायकोने, बेटीने, तो सोडवला. बेटीचा तर्क अगदी संसारी होता: हा माणूस स्वतःवर खूश आहे, म्हणजे सुरुवात ‘आय’ने करणार, आणि ‘किल’ हा शब्द तर असणारच. दुसरा संकेत ३४० चिन्हांचा. तो नोव्हेंबर १९६९ मध्ये आला आणि पुढची ५१ वर्षं कुणालाही बधला नाही.

त्याची रचना तुला आवडेल. १७ चिन्हांच्या २० ओळी. एकेका अक्षरासाठी अनेक चिन्हं, त्यामुळे कुठलं चिन्ह किती वेळा येतं हे मोजून हाती काही लागत नाही. हे पहिल्या संकेतातही होतं. इथे त्यावर कडी म्हणजे अक्षरांच्या जागाही हलवलेल्या. पहिल्या ९ ओळींचा एक तुकडा, पुढच्या ९ ओळींचा दुसरा, शेवटच्या २ ओळींचा तिसरा. कागदावर १७ बाय ९ चौकोन आख. डावीकडच्या वरच्या घरापासून सुरू कर, एक घर खाली, दोन घरं उजवीकडे, पुन्हा एक खाली, दोन उजवीकडे. कड आली की समोरच्या बाजूने आत यायचं. असा घोडा नाचवत गेलास की पहिला तुकडा वाचता येतो. दुसऱ्या तुकड्यात तर लिहिणाऱ्यानेच मध्ये घोटाळा करून ठेवलाय, त्यामुळे सोडवणाऱ्यांचा जीव आणखी टांगणीला लागला.

सॅम ब्लेक या ऑस्ट्रेलियन गणितज्ञाने वाचण्याच्या साडेसहा लाख वेगवेगळ्या वाटा तयार केल्या. बेल्जियमच्या यार्ल व्हान आयकेने लिहिलेल्या प्रोग्रॅममधून त्या काढल्या. अमेरिकेतल्या डेव्हिड ओरानचाकला डिसेंबर २०२० मध्ये एका निकालाच्या कचऱ्यात ‘मला पकडायचा प्रयत्न’, ‘गॅस चेंबर’ असे तुकडे दिसले. तुला वाटेल, लाखो वेळा दगड मारल्यावर एखादा लागणारच. मलाही क्षणभर तसंच वाटलं असतं. पण ते तुकडे पक्के धरून उरलेला मजकूर सोडवला तेव्हा एक वाक्य आपणहून वर आलं: टीव्ही शोवर होता तो मी नव्हे. २२ ऑक्टोबर १९६९ ला एका टीव्ही कार्यक्रमात कुणीतरी झोडियाक म्हणून फोन केला होता, आणि हा संकेत टपालात पडला ८ नोव्हेंबरला. शिवाय ‘पॅरडाइस’ या शब्दाचं स्पेलिंग या संकेतातही तसंच चुकलेलं आहे, जसं पहिल्यात चुकलं होतं. सोडवणाऱ्यांनी यातलं काही घुसडलेलं नव्हतं. उत्तराला बाहेरून साक्षीदार मिळाला, तोही न बोलावता.

तुझ्या आवडत्या शेरलॉक होम्सच्या गोष्टीतही हेच आहे. नाचऱ्या माणसांच्या चित्रांची १९०३ सालची ती कथा. ज्या चित्रातल्या माणसाच्या हातात झेंडा, तिथे शब्द संपतो, वगैरे सगळी फोड होम्स करतो. पण मला त्यातली खरी चाल शेवटची वाटते. होम्स त्याच चित्रलिपीत ‘ताबडतोब इथे ये’ अशी चिठ्ठी पाठवतो आणि गुन्हेगार स्वतःच्या पायांनी चालत येतो. लिपी बरोबर वाचल्याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला? आणि हे कथेतच घडतं असंही नाही. १९४२ च्या मे महिन्यात हवाईमधल्या अमेरिकन संकेतभेद्यांना जपानी संदेशांत ‘एएफ’ या ठिकाणावर हल्ला होणार एवढं कळलं होतं. एएफ म्हणजे मिडवे बेट असा त्यांचा अंदाज, पण वॉशिंग्टनला तो पटेना. मग त्यांनी मिडवेला सांगितलं, तुमच्याकडे गोड्या पाण्याची टंचाई आहे असा संदेश साध्या भाषेत पाठवा. लवकरच जपानी संदेश पकडला गेला: एएफला पाण्याची टंचाई. ही युक्ती सुचवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव जॅस्पर होम्स! यातून तू एखादं कारस्थान उभं करशील म्हणून आधीच सांगतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली आहे.

शेक्सपिअरची नाटकं त्याच्याच काळातल्या फ्रान्सिस बेकन या तत्त्वज्ञाने लिहिली, हा तुझा जुना लाडका विषय. त्यातही हाच झगडा आहे, आणि तिथे बेकनची बाजू घेणाऱ्यांची कीव करावी असं मला वाटत नाही, कारण त्यांच्याच घरात विसाव्या शतकातले दोन मोठे संकेतभेदी घडले. बेकनने खरंच एक संकेतपद्धत काढली होती. छापताना दोन जरा वेगळ्या वळणांचे खिळे वापरायचे, आणि पाच पाच अक्षरांच्या गटात कुठलं वळण कुठे येतं यावरून लपलेलं अक्षर ठरवायचं. वरवर वाचणाऱ्याला साधा मजकूर दिसतो. एलिझाबेथ गॅलप या बाईंना १६२३ च्या शेक्सपिअरच्या पहिल्या छापील संग्रहात अशी दोन वळणं दिसत होती. शिकागोजवळच्या रिव्हरबँकमध्ये एका धनवानाने त्यांच्या कामासाठी माणसं ठेवली. त्यांत विल्यम फ्रीडमन आणि एलिझेबेथ स्मिथ होते, ज्यांनी पुढे एकमेकांशी लग्न केलं. बाईंना दिसायची ती वळणं बाकीच्यांना काही केल्या दिसेनात. खिळे झिजलेले, शाई पसरलेली, कागद ओला, त्यामुळे एकाच अक्षराचे दोन नव्हे तर कितीतरी आकार. फ्रीडमन दांपत्याने १९५७ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांची कसोटी अशी: एकच पद्धत दोन माणसांच्या हातात वेगवेगळी दिली तर दोघांचं उत्तर एकच यायला हवं. तुझा तक्ता मी माझ्या भाच्याला नाव झाकून दिला असता तर त्याने तुझंच नाव काढलं असतं का? हा एकच प्रश्न मनाशी विचार.

बेकनची पद्धत मात्र त्या दोघांना आयुष्यभर पुरली. १९१८ मध्ये त्यांनी शिकवलेल्या लष्करी अधिकाऱ्यांसोबत काढलेला एक फोटो आहे. काही जण कॅमेऱ्याकडे बघतायत, काही बाजूला. कुणालाही वाटेल, फोटोग्राफरला शिस्त लावता आली नाही. प्रत्यक्षात बघणारे एक वळण, न बघणारे दुसरं, आणि सगळे मिळून बेकनचं ‘ज्ञान हेच सामर्थ्य’ हे वाक्य इंग्रजीत लिहितात. माणसं कमी पडली म्हणून शेवटचं अक्षर गळलं. विल्यम १९६९ मध्ये गेला. आर्लिंग्टनला त्याच्या समाधीवर तेच वाक्य कोरलंय. काही अक्षरांना टोकाशी बारीक पाय आहेत, काहींना नाहीत. २०१७ मध्ये एलोंका ड्यूनिन या संकेतांच्या अभ्यासक बाईंच्या लक्षात आलं की पाच पाचचे गट पाडले तर त्यातून विल्यमची आद्याक्षरं निघतात. दगडात लपवलेली सही! गॅलपबाईंना जे हवं होतं ते इथे खरंच आहे, आणि कुणीही जाऊन मोजून घ्यावं.

तुझ्या बाजूनेही एक पुरावा देतो, नाहीतर म्हणशील की एकतर्फी खटला चालवला. सीआयएच्या मुख्यालयात जिम सॅनबॉर्नचं क्रिप्टोस हे तांब्याचं शिल्प १९९० पासून उभं आहे. त्यावर चार सांकेतिक उतारे. पहिले तीन नव्वदच्या दशकात सुटले. दुसऱ्याच्या शेवटी ‘आयडी बाय रोज’ असे शब्द निघत होते, म्हणजे ‘ओळीओळीने ओळख’ असं काहीतरी. अर्थ लागतोय म्हटल्यावर सगळ्यांनी तो मान्य केला आणि पुढची वर्षं त्या ओळी कुठल्या यावर काथ्याकूट चालला. २००६ मध्ये सॅनबॉर्नने सांगितलं की शिल्प डोळ्याला बरं दिसावं म्हणून त्याने एक अक्षर गाळलं होतं. ते परत घातलं तर तिथे ‘लेयर टू’, म्हणजे ‘थर दुसरा’ निघतं. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ होतो, तिथे अक्षरच गुल! विचार कर, पद्धत बरोबर, किल्ली बरोबर, सोडवणारे एकापेक्षा एक तयारीचे, तरीही निव्वळ योगायोगाने अर्थपूर्ण इंग्रजी शब्द तयार झाले आणि त्यांनी भल्याभल्यांना फसवलं.

आता तू पाकिटात कोंबलेला तो दुसरा कागद. ‘गोपीभाग्यमधुव्रात’ हा श्लोक, आणि खाली तुझा शेरा की यात पाय (π) या संख्येचे ३२ अंक प्राचीनांनी लपवलेत. कटपयादीने, म्हणजे अक्षरांना अंक देणाऱ्या जुन्या संकेताने, मोजून बघितला. अंक निघतात, फक्त शेवटचा २ निघतो आणि तिथे हवा ५. पण हा श्लोक पसरला तो भारतीकृष्णतीर्थांच्या १९६५ साली छापलेल्या वैदिक गणिताच्या पुस्तकातून, आणि तो सरळ डावीकडून उजवीकडे वाचावा लागतो. कटपयादीचा जुना रिवाज उलटा: अंकानां वामतो गतिः. संकेत सुटतो म्हणून श्लोक प्राचीन, हा बादरायण संबंध झाला.

खरा नमुना हवा तर केरळच्या शंकरवर्म्याच्या ‘सद्रत्नमाला’त आहे, साल १८१९: भद्राम्बुद्धिसिद्धजन्मगणितश्रद्धा स्म यद् भूपगीः. क पासून झ पर्यंत १ ते ९, ट पासून ध पर्यंत १ ते ९, प पासून म पर्यंत १ ते ५, य पासून ह पर्यंत १ ते ८, आणि ञ, न व सुटे स्वर शून्य. जोडाक्षरात फक्त शेवटचं व्यंजन धरायचं, काना-मात्रा सोडून द्यायच्या. भ चे ४, द्रा मधल्या र चे २, म्बु मधल्या ब चे ३, असं शेवटच्या गीः पर्यंत जा आणि मग मागून वाच: ३१४१५९२६५३५८९७९३२४. कुठेही सूट नाही, कुठेही ‘चूक झाली असावी’ नाही.

तर तुझा तक्ता परत पाठवतोय. रागावू नकोस. पुढच्या वेळी उत्तर झाकून फक्त पद्धत पाठव, मी माझ्या हाताने सोडवून बघतो, जुळलं तर तुझा जाहीर सत्कार. तोवर हात शिवशिवू नयेत म्हणून हे घे, कटपयादीतच, रिवाजाप्रमाणे: ‘नभग’ आणि ‘दिनभा’. दोन संख्या निघतील. बरोबर आल्या की नाही ते मला विचारायची गरज नाही, दोन्ही याच पत्रात सापडतील.

तुझा,
श्रीधर