काकू, बोलायचं कसं ते दाखवलंत म्हणून

प्रिय काकू,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

धीर देणं म्हणजे गोड बोलणं, हा समज घेऊनच बहुतेक जण आपल्या इंदूरच्या मराठी गृहप्रार्थनेला येतात. तुम्ही तो बायबलमधलं इफिसकरांस 4:29 उघडून मोडलात. कुजकं बोलू नका, एवढ्यावर ते वचन थांबत नाही. गरज पाहून, ऐकणाऱ्याची उन्नती होईल असं बोला म्हणतं. गरज विचारल्याशिवाय कळत नाही. तुमची सगळी शिस्त इथूनच निघाली, तिच्याबद्दल हे जाहीर आभार.

एमवाय हॉस्पिटलात आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांना तुमचा क्रम आता पाठ आहे. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं नाही, स्टूल ओढून बसायचं, म्हणजे त्याला मान वर करावी लागत नाही. ‘काय झालं?’ हे तो सकाळपासून सगळ्यांना सांगून थकलेला असतो, म्हणून ‘रात्री झोप लागली का?’ एवढंच विचारायचं आणि ऐकायचं. ‘आमच्या मावशीलाही अगदी हेच झालं होतं’ हे वाक्य ओठांवर आलं की गिळायचं. ‘देवावर प्रेम करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे रोमकरांस 8:28 लगेच काढायचं नाही. वचन खरंच आहे, पण ताज्या दुःखात ते ‘रडू नका’ असं ऐकू येतं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडल्यावर बिघडलं. प्रार्थना विचारूनच करायची, दोन मिनिटांत, शेजारच्या पलंगाला ऐकू जाणार नाही अशी. सोबत बसलेल्या नातेवाइकाला ‘काही लागलं तर सांगा’ म्हणण्यात अर्थ नाही, त्याला मागायचा संकोच वाटतो. ‘रात्रीचा डबा मी आणते’ म्हणावं, आणि आणावा.

कौतुकाचंही तसंच. ‘खूप छान!’ने समोरच्याला पुन्हा काय करावं ते कळत नाही. प्रेषित पौल रोमकरांस 16 मध्ये नाव घेतो आणि कामही सांगतो: फिबीने पुष्कळांना साहाय्य केलं, प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. म्हणून पेटी वाजवणाऱ्या पोराला ‘तिसऱ्या कडव्यात सगळे धावत सुटले, तू लय सोडली नाहीस’ असं सांगायचं. कलस्सैकरांस 4:6 मधलं बोलणं मिठाने रुचकर आहे, सराफा बाजारातल्या जलेब्यासारखं पाकात बुडालेलं नाही. वेळही बघायची. भल्या पहाटे मोठ्याने दिलेला आशीर्वाद शेजाऱ्याला शाप वाटतो, हे नीतिसूत्रे 27:14 वाचून दाखवत तुम्ही पाच वाजताच्या व्हॉट्सअ‍ॅप वचनांचा बंदोबस्त केलात. (काहींना ते अजून झोंबतंय.)

चूक दाखवायची तर मत्तय 18:15 प्रमाणे एकट्याला गाठून. आधी कौतुक, मग ‘पण’, मग चूक, ही चाल तुम्हाला मुळीच पसंत नव्हती. ‘पण’ आला की आधीचं कौतुक लाच वाटायला लागतं. कौतुक रविवारी, चूक बुधवारी. पौलाने करिंथकरांना एकाच पत्रात आधी आभार लिहिले आणि मग खरडपट्टी काढली, ही हरकत घेतल्यावर तुमचं उत्तर तयार होतं: पत्र पोचायला आठवडे लागायचे, त्याला बुधवार कुठून मिळणार?

सगळ्यात उपयोगी पडला तो प्रार्थनाविनंतीचा नियम. ‘प्रार्थनेसाठीच सांगते हं, कुणाला बोलू नका’ अशी सुरुवात झाली की पुढे बहुधा चहाडीच असते. ज्याचं दुःख त्याची परवानगी. ती नसेल तर ‘एका कुटुंबासाठी’ एवढंच म्हणायचं. नाव, कर्जाचा आकडा आणि सूनबाईचा स्वभाव देवाला ठाऊक आहे.

तुम्ही पुण्याला मुलाकडे गेल्यापासून ते ‘प्रार्थनेसाठीच हं’ परत डोकं वर काढायला लागलंय. पुढच्या खेपेस इंदुरात आलात की शुक्रवारची बैठक तुम्हीच घ्या.

आपल्या,
मराठी गृहप्रार्थनेतल्या सगळ्या जणी
इंदूर