सेटलमेंट सुट्टीची पूर्वसूचना न देता 'आज घ्या, उद्या विका' सुविधा दाखवल्याबद्दल तक्रार

दिनांक : १६ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक, तक्रार निवारण विभाग, मुख्य कार्यालय, मुंबई

महोदय,

इंदूर येथील वाय. एन. रोडवरील आपल्या शाखेत माझे ट्रेडिंग व डिमॅट खाते आहे. शाखेत तोंडी तक्रार करून काही निष्पन्न झाले नाही आणि अशा बाबींचा निर्णय मुंबईत होतो असे तेथेच सांगण्यात आले, म्हणून थेट आपल्याला लिहीत आहे.

शुक्रवार, ९ मे रोजी सीमेवरील तणावामुळे सेन्सेक्स ८८० अंकांनी घसरला, तेव्हा सोमवारी बाजार सावरल्यास विकावेत या हिशेबाने मी एका खासगी बँकेचे २०० शेअर डिलिव्हरीत घेतले. खरेदीच्या वेळी आपल्या ॲपवर त्या शेअरसमोर 'बीटीएसटी' (बाय टुडे, सेल टुमॉरो, म्हणजे आज घ्या, उद्या विका) असे ठळकपणे दिसत होते. शनिवारी शस्त्रसंधी जाहीर झाली आणि सोमवारी, १२ मे रोजी, सेन्सेक्स २,९७५ अंकांनी वर जाऊन बंद झाला. मात्र त्या सकाळी मी दिलेली विक्रीची ऑर्डर 'पुरेसे शेअर उपलब्ध नाहीत' एवढ्याच शेऱ्यासह नाकारली गेली. मंगळवारी ते शेअर विकता आले, पण त्या दिवशी सेन्सेक्स १,२८१ अंकांनी खाली आला आणि मला बराच कमी भाव मिळाला.

कारण मला नंतर समजले. १२ मे रोजी बुद्धपौर्णिमेनिमित्त बँका बंद असल्याने शेअर बाजार सुरू असूनही सेटलमेंटला (शेअर व पैशांच्या प्रत्यक्ष देवाणघेवाणीला) सुट्टी होती, त्यामुळे शुक्रवारची खरेदी आणि सोमवारची विक्री या दोन्हींचे सेटलमेंट मंगळवारीच येणार होते, आणि खरेदीचे शेअर खात्यात येण्यापूर्वीच विक्रीसाठी ते द्यावे लागले असते. या नियमाविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या मौनाविषयी. सेटलमेंटच्या सुट्ट्यांची यादी वर्ष सुरू होण्यापूर्वीच प्रसिद्ध होते; याच वर्षी १९ फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त आणि १ एप्रिलला बँकांच्या वार्षिक हिशेबामुळे हीच परिस्थिती येऊन गेली होती. म्हणजे ९ मे रोजी 'बीटीएसटी' ही खूण दाखवताना सोमवारी विक्री होऊ शकणार नाही हे कंपनीला माहीत होते, किंवा माहीत असायलाच हवे होते. नव्या आयपीओंचे संदेश मात्र दिवसातून अनेकदा न चुकता येतात.

याहून गंभीर बाब म्हणजे सोमवारी ग्राहक सेवा केंद्राच्या प्रतिनिधीने मला तेच शेअर 'इंट्राडेमध्ये विकून टाका', म्हणजे त्याच दिवशी पूर्ण होणाऱ्या व्यवहारात विका, असा सल्ला दिला. तसे केले असते तर ती विक्री माझ्याकडील शेअरची न ठरता शॉर्ट, म्हणजे हाती नसलेल्या शेअरची विक्री, ठरली असती आणि बाजार बंद होण्यापूर्वी ते शेअर परत विकत घेणे मला भाग पडले असते. एवढ्या तेजीच्या दिवशी शेअर अपर सर्किटला (दिवसभरातील भाववाढीच्या कमाल मर्यादेला) लागून विकणारा कोणीच उरला नसता, तर प्रकरण ऑक्शनपर्यंत (न दिलेले शेअर बाजाराने लिलावातून विकत घेण्यापर्यंत) जाऊन त्याचा भुर्दंड माझ्याच खात्यावर पडला असता. हा धोका त्या प्रतिनिधीने एका शब्दानेही सांगितला नाही. त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे असणार. ते जपून ठेवावे आणि त्याची प्रत मला द्यावी, ही विनंती.

१२ मे रोजी नाकारलेल्या ऑर्डरचा भाव आणि १३ मे रोजी मिळालेला भाव यांतील फरक, तसेच या व्यवहारावरील ब्रोकरेज, माझ्या खात्यात जमा करावे. सेटलमेंट सुट्टीविषयी मला एसएमएस किंवा ईमेल पाठवल्याचा आपला दावा असल्यास त्याची तारीख व मजकूर लेखी कळवावा. तसेच सेटलमेंट सुट्टीच्या आदल्या ट्रेडिंग दिवशी खरेदीच्या स्क्रीनवरच 'हे शेअर उद्या विकता येणार नाहीत' अशी सूचना देण्याची आणि ऑर्डर नाकारताना खरे कारण दाखवण्याची व्यवस्था करावी.

२१ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी ही तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर नोंदवीन.

सोबत : दोन्ही व्यवहारांच्या काँट्रॅक्ट नोट, नाकारलेल्या ऑर्डरचा आणि 'बीटीएसटी' खुणेचा स्क्रीनशॉट.

आपला,
खातेधारक, रामबाग, इंदूर