चष्मा दरवर्षी बदलतो, नंबर मात्र वाढतच राहतो : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : शाळकरी मुलांचा मायनस नंबर वाढू नये यासाठी सौम्य अॅट्रोपिन थेंबांची सरकारी रुग्णालयांत सोय करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी नाशिकचा रहिवासी असून दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा आमच्या शाळेत येते, फळ्यावरचे न दिसणारी मुले हेरते आणि पुढे त्यांना मोफत चष्मा मिळतो. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या या कार्यक्रमाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. अडचण पुढची आहे. चौथीत दीड नंबर असलेला मुलगा सातवीत साडेतीनवर जातो, पण तो किती वेगाने गेला हे कोणत्याच कागदावर नसते, कारण प्रत्येक तपासणी जणू पहिलीच असल्यासारखी होते.

निकटदृष्टितेत, म्हणजे लांबचे धूसर दिसून मायनस नंबर लागण्याच्या दोषात, बहुतेक मुलांचा डोळा मागच्या बाजूला लांबत जातो. लांबी एक मिलिमीटरने वाढली की नंबर साधारण अडीच-तीनने वाढतो. चष्म्याने दिसते स्पष्ट, पण डोळ्याचे लांबणे थांबत नाही. आणि नंबर सहाच्या पुढे गेला की पुढील आयुष्यात पडदा सुटण्याचा, काचबिंदूचा धोका बराच वाढतो. अॅट्रोपिनचे सौम्य थेंब हे लांबणे मंदावतात. आलेला नंबर ते उतरवत नाहीत, त्यामुळे चष्मा लागतोच, हे पालकांना आधीच सांगितले पाहिजे.

या थेंबांबाबत सगळ्यांचे एकमत आहे असे मी म्हणणार नाही. हाँगकाँगमध्ये ४ ते १२ वयाच्या ४३८ मुलांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ०.०५ टक्क्याच्या थेंबांनी पहिल्या वर्षी नंबरवाढ सुमारे दोन तृतीयांशाने कमी केली, तर ०.०१ टक्क्याचा परिणाम बराच कमी होता. भारतातील चाचणीत ०.०१ टक्क्यानेही फायदा दिसला. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तो दिसला नाही. म्हणून सरसकट वाटपाची मागणी मी करीत नाही. वर्षाला अर्धा नंबर किंवा अधिक वाढणारी मुले निवडून, तीव्रता नेत्रतज्ज्ञांनी ठरवून, दर सहा महिन्यांनी मोजमाप करून हे औषध द्यावे, एवढेच म्हणणे आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशकातच आहे. या नोंदींचा अभ्यास करायला आणखी दूर कशाला जायचे?

तीव्रतेबद्दल मी इतका हटून का बसलो आहे, तेही सांगतो. माझ्या मुलीला गेल्या वर्षी शहरातील नेत्रतज्ज्ञांनी ०.०१ टक्क्याचे थेंब सुरू केले. दुसऱ्या महिन्यात औषधाच्या दुकानातून १ टक्क्याची, म्हणजे शंभरपट तीव्र, बाटली आली. नाव तेच, बाटली तेवढीच, आणि मीही रात्री आकडा न वाचता थेंब घातला. सकाळी तिच्या बाहुल्या इतक्या पसरल्या होत्या की बुबुळाचा तपकिरी रंग कडेला रेघेएवढाच उरला होता. अंगणात आली की डोळे मिटून घ्यायची. वाचायचे तर चष्मा काढून पुस्तक हातभर लांब धरायची. उतरायला दहा दिवस गेले. चूक दुकानाची तशी माझीही. सरकारी पुरवठा करायचा झाल्यास बाटलीवर तीव्रता मराठीत, ठसठशीत अक्षरांत असावी आणि १ टक्क्याची बाटली त्याच कपाटात ठेवू नये.

दुसरी भीती साठ्याची आहे. हे थेंब रोज रात्री एक याप्रमाणे किमान दोन वर्षे घालावे लागतात आणि मध्येच बंद केले, विशेषतः तीव्रता जास्त असेल तर, दबलेला नंबर उसळी घेऊ शकतो. "साठा संपला, पुढच्या महिन्यात या" हे वाक्य आम्हाला परिचयाचे आहे; इथे ते चालणार नाही. सुरगाणा किंवा पेठच्या पालकाला दर महिन्याला नाशिकची खेप घालायला लावण्यापेक्षा बाटली ग्रामीण रुग्णालयातच मिळावी. डोळ्याची लांबी मोजण्याचे तंत्र तर नवे नाहीच, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी भिंग ठरवण्यासाठी ती मोजतातच. मुलांसाठी डोळ्याला स्पर्श न करणारे यंत्र जिल्हा रुग्णालयात असले म्हणजे झाले.

चष्मा लागण्याची शक्यता कमी व्हावी यासाठी मुलांनी दिवसाउजेडी मैदानावर असावे, हाही उपाय सिद्ध झालेला आहे आणि तो फुकट आहे. आमच्याकडे खेळाच्या तासाला गणित घेतले जाते, त्यात मीही आलो.

पुढच्या तपासणीपूर्वी निदान एक व्हावे : मुलाच्या कार्डावर मागील वर्षीच्या नंबरसाठी एक रकाना असावा. त्याला निधी लागत नाही. माझ्या वर्गाच्या वहीत मी तो आखला असून अकरा मुलांचे नंबर तारखेसह लिहून ठेवले आहेत. पथक येईल तेव्हा ती वही त्यांच्यापुढे ठेवीन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक शिक्षक व पालक, नाशिक