डिंभ्याचं पाणी आणि गाळपेर करणारे आदिवासी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात धरणसाठ्याचा तक्ता येतो. खडकवासला साखळीनंतर कुकडी प्रकल्पाची धरणं असतात : येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, डिंभे. डिंभे भरलं की शिरूर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत लोकांचा जीव भांड्यात पडतो. उन्हाळ्यात आवर्तनावरून, म्हणजे कालव्याला ठरावीक वेळी पाणी सोडण्यावरून, वाद पेटतो आणि दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांची निवेदनं छापून येतात. मात्र ज्यांच्या भातखाचरांवर हे सुमारे १३.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी उभं राहतं, त्या महादेव कोळी आदिवासी शेतकऱ्यांचा या बातम्यांत उल्लेखही नसतो. त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

डिंभे धरण आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर आहे. ही नदी आहुप्याच्या डोंगरातून खाली येते. नदीकाठची सपाट, गाळाची जमीन हीच या खोऱ्यातली चांगली जमीन होती आणि धरणात नेमकी तीच बुडाली. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते गावही पाण्याखाली गेलं. उरलं ते उतारावरचं रान. तिथे राब (पालापाचोळा, काटक्या) भाजून त्या जागी भाताची रोपं करायची, चढावर नाचणी-वरई घ्यायची, हिरडा गोळा करून चार पैसे करायचे. पाऊस धो धो पडतो, पण पीक एकच. दिवाळीनंतर खाली जलाशय भरलेला दिसतो आणि वरच्या वाडीत हंडे घेऊन झरा गाठावा लागतो. मग माणसं नारायणगाव-मंचरकडे मजुरीला जातात. त्यातली कित्येक शेतं याच प्रकल्पाच्या कालव्यांवर भिजतात. आपल्याच जमिनीवर साठलेल्या पाण्यावर पिकणारं दुसऱ्याचं शेत रोजंदारीने खुरपायचं, हा अन्याय मला फार मोठा वाटतो.

त्यावर एक उपाय लोकांनी स्वतःच शोधला आहे : गाळपेर. कालव्यांना पाणी सुटलं की जलाशय ओसरतो आणि ओल्या गाळाची जमीन उघडी पडते. तिच्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल येतो. पंपाची सोय असेल तर उन्हाळी पीकही निघतं. मात्र गाळ कधी उघडा पडणार हे आवर्तनाच्या वेळापत्रकावर ठरतं. पाणी उशिरा सोडलं तर पेरणीची वेळ आणि थंडी दोन्ही हातची जातात. म्हणजे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत श्रीगोंद्याच्या उसाचा निर्णय होतो, तेव्हाच डिंभ्याकाठच्या हरभऱ्याचाही होत असतो. मग त्या बैठकीत गाळपेर करणाऱ्यांचा माणूस का नसावा?

माझी मागणी मोठी नाही. गाळपेरीची परवानगी पाणी ओसरण्याआधी द्यावी, दरवर्षी हेलपाटे मारायला लावू नयेत आणि पहिला हक्क ज्यांची जमीन बुडाली त्यांचा धरावा. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली आदिवासी गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, तर वाटप ग्रामसभेसमोर व्हावं. जलाशयातून वरच्या खाचरांपर्यंत पाणी उचलण्यासाठी थोडा कोटा राखून ठेवावा. एवढ्याने खालच्या कालव्यांना कितीसं कमी पडणार आहे?

३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेलं तेव्हा पुण्यातून मदतीचा ओघ लागला होता. माळीण याच खोऱ्यातलं, बुब्रा नदीकाठचं. तो जिव्हाळा खरा होता हे मी जाणतो, म्हणूनच आज दुर्घटना नसतानाही पुणेकर हा प्रश्न ऐकतील अशी मला खात्री आहे.

आपल्याला विनंती, येत्या हंगामात आवर्तनाची बातमी देताना आपल्या वार्ताहराला धरणाच्या वरच्या अंगालाही पाठवावं. किती गावांना गाळपेरीची परवानगी मिळाली, किती अर्ज पडून आहेत, हे आकडे धरणसाठ्याच्या शेजारीच छापावेत.

आपला,
एक वाचक, वारजे, पुणे